डोक्याचा मुका मार: कन्कशन वेगळं, आतला रक्तस्राव वेगळा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की संध्याकाळी कॅज्युअल्टीत डोकं आपटलेला एखादा पोरगा येतोच, सोबत पेठेतली दहा-बारा पोरं, आणि सगळ्यांचं एकच, "डॉक्टर, मुका मारच हाय न्हवं?" आता मुका मारात कन्कशनही येतं आणि कवटीच्या आत रक्त साचणंही, आणि नवे इंटर्न इथंच फसतात. मीपण फसलोय.

कन्कशनमध्ये मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं, पण सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही. बेशुद्ध पडायलाच पाहिजे असं नाही, बहुतेक जण पडतच नाहीत. मी इंटर्न असताना एकाने नाव, गाव, वार सगळं बरोबर सांगितलं, सीटी क्लीन, मी सोडणारच होतो, तेवढ्यात त्यानं पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारलं, "हाफ टाइम झाला काय?" म्हणून आता इंटर्नना सांगतो, नुसतं नाव-गाव नको, शेवटचा गोल कुणी मारला, मागची मॅच कुणाबरोबर होती ते विचारा. मॅडॉक्सचे प्रश्न म्हणतात त्यांना.

एक्स्ट्राड्युरलचं, म्हणजे कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मधे रक्त साचतं त्याचं, उलटं. कानशिलाचं हाड पातळ, ते तडकलं की आतली मिडल मेनिन्जियल आर्टरी (मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी) फाटते आणि रक्त साचत जातं, पण पोरगा मधल्या काळात टकाटक, चहा पितो, घरी जातो म्हणतो. (सगळ्यांत असा काळ येतोच असं नाही बरं का.) मग डोकेदुखी वाढते, उलट्या, झापड, एका डोळ्याची बाहुली मोठी, आणि तेव्हा पळापळ. म्हणून दोन तासांनीही जीसीएस (शुद्ध किती आहे त्याचा आकडा, पूर्ण शुद्धीत १५) १५ नसेल, दोन किंवा जास्त उलट्या असतील, वय ६५ किंवा पुढं असेल तर सीटी करायचाच, आणि जीसीएस अर्ध्या-अर्ध्या तासानं स्वतः बघायचा, आधीचाच आकडा बघून परत लिहायचा नाही.

कन्कशनला २४ ते ४८ तास आराम, पण अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही, घरात हिंडलं तर चालतं, मोबाईल मात्र कमी. त्याच दिवशी परत मैदानात अजिबात नाही. पुढं मैदानात परतायच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीला किमान २४ तास, त्रास वाढला की एक पायरी मागं.

हे सगळं सांगून झालं की कॅप्टन हळूच विचारतो, "रविवारी फायनल हाय, खेळतोय न्हवं?" आज गुरुवार. मी इंटर्नला म्हणतो, बोटं मोजून दाखव त्याला.