रॉकेट उड्डाणावर वाऱ्याचा परिणाम

रॉकेट सुटणार की थांबणार हे बऱ्याचदा वारा ठरवतो, पण लाँचपॅडवरचा झेंडा फडकवणारा वारा एवढाच नाही, जास्त काळजी असते ती 10 ते 15 किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याची. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या गरगर फिरतायत आणि खाली गावात पानही हलत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना उंचीनुसार वारा कसा बदलतो ते वेगळं सांगायला नको.

नुसत्या वेगापेक्षा, वेग किंवा दिशा अचानक बदलली की धोका जास्त, याला विंड शिअर म्हणतात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हे पक्कं माहिती आहे, एकसारख्या वाऱ्यात पानं फाटतात पण बाग उभी राहते, मे-जूनचं वावधन, म्हणजे अचानक उठणारं वादळ, आलं की मात्र घडाने जड झालेलं झाड मधूनच मोडतं, म्हणून तर कडेने शेवरी लावतात. रॉकेटही असंच उंच आणि सडपातळ. साधारण आवाजाचा वेग ओलांडून पुढे जाताना त्याच्यावर हवेचा दाब सगळ्यात जास्त असतो, त्याला मॅक्स-क्यू म्हणतात, आणि नेमका तेव्हाच बाजूने झटका बसला तर रॉकेट हवेत तिरकं होतं नि सांगाडा वाकवणारा ताण वाढतो. म्हणून उड्डाणाआधी फुगे सोडून वरचा वारा मोजतात आणि त्यानुसार रॉकेटने कुठे किती कलायचं ते कॉम्प्युटरमध्ये भरतात, इस्रोसुद्धा हे करते. श्रीहरिकोटा आहे त्या अक्षांशाच्या आसपास पावसाळ्यात 14-16 किलोमीटरवर पूर्वेकडून वाऱ्याचा जोरदार पट्टा, म्हणजे जेट प्रवाह, वाहतो, आणि चांद्रयान-3 त्याच दिवसांत, 14 जुलै 2023 ला, गेलं.

विजेचं प्रकरण वेगळंच. 14 नोव्हेंबर 1969 ला चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो 12 वर पहिल्या मिनिटातच दोनदा वीज पडली, आणि ती रॉकेटनेच ओढून घेतली होती, कारण रॉकेट आणि त्यामागचा तापलेल्या वायूंचा लांब पट्टा विजेला वाट करून देतात. थंडीने तर सात जीव घेतले, 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या बूस्टरच्या (बाजूला जोडलेल्या मदतीच्या रॉकेटच्या) सांध्यातली रबरी कडी गारठून कडक झाली होती, त्यात वरती जोरदार विंड शिअरही लागला, आणि 73 सेकंदांत यान तुटलं.

पृथ्वीचं फिरणं मात्र मदत करतं. श्रीहरिकोट्याची जमीनच ताशी 1600 किलोमीटरच्या वर वेगाने पूर्वेला सरकतेय, पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तेवढा वेग फुकट मिळतो.

दिवाळीतल्या काडीच्या रॉकेटला कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे ते जळत असताना वारा जिकडून येतो तिकडेच तोंड वळवतं, आणि विझल्यावर काडी वाऱ्याबरोबर उलट बाजूला वाहत जाते. म्हणजे कडब्याची गंजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे म्हणून बिनधास्त राहू नका, दोन्ही बाजू मोकळ्या असतील तिथेच लावा.