फाउस्टकथा : जर्मन आणि अन्य यूरोपीय साहित्यांतील रूपे

ज्ञान, सत्ता आणि भोग यांच्या हव्यासापायी सैतानाला आत्मा लिहून देणाऱ्या विद्वानाची ही मूळ जर्मन कथा असून तिची रूपे यूरोपातील अनेक साहित्यांत आढळतात. फाउस्ट नावाचा एक फिरस्ता ज्योतिषी व जादूगार सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत खरोखर होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर जमलेल्या दंतकथांचे एक अनामिक पुस्तक फ्रँकफुर्टचा मुद्रक योहान श्पीस याने १५८७ मध्ये छापले. या लोकपुस्तकाची दृष्टी कडक लूथरपंथी (प्रॉटेस्टंट) आहे. फाउस्ट रक्ताने करार लिहून देतो, चोवीस वर्षे चैन करतो आणि मुदत भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांना खोलीच्या भिंतीला चिकटलेला त्याचा मेंदू आणि बाहेर उकिरड्याशी पडलेले प्रेत सापडते. बोध स्पष्ट आहे. पुस्तक खपले ते मात्र बोधापेक्षा मधल्या करामतींमुळे असावे.

इंग्लंडमध्ये नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याने या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरावरून नाटक रचले. त्याच्या १६०४ व १६१६ च्या छापील संहिता एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या आहेत. कथानक त्याने फारसे बदलले नाही, पण नरकात जाणाऱ्या माणसाला त्याने आतून पाहिले. शेवटच्या प्रवेशात अकराचे ठोके पडतात आणि उरलेल्या तासाभरात फाउस्टस रात्रीच्या घोड्यांना सावकाश धावण्याची विनवणी करतो. ही लॅटिन ओळ रोमन कवी ओव्हिडच्या प्रेमकवितेतून घेतलेली आहे. तिथे प्रेयसीजवळची रात्र सरू नये म्हणून केलेले आर्जव इथे मृत्यूच्या दारातल्या माणसाच्या तोंडी येते. स्पेनमध्ये नाटककार काल्देरोनने १६३७ च्या नाटकात अशाच एका जुन्या कॅथलिक आख्यानाला हात घातला, आणि रक्ताने करार करणाऱ्या त्याच्या नायकाला शेवटी हौतात्म्य लाभते. एकच अपराध, पण पश्चात्तापाला वाव किती, हे पंथागणिक ठरते.

इंग्रज नटांच्या फिरत्या मंडळ्यांबरोबर मार्लोचे नाटक जर्मनीत परत आले आणि हळूहळू कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात उतरले. जर्मन कवी गटेला ही कथा प्रथम अशा खेळांतूनच कळली. दरम्यान जर्मन नाटककार लेसिंगने १७५९ मध्ये आपल्या नियोजित ‘फाउस्ट’ नाटकातील एक प्रवेश प्रसिद्ध केला होता. ते नाटक पूर्ण झाले नाही, परंतु त्यात फाउस्टचा नाश होणार नव्हता, कारण ज्ञानाची तहान हे लेसिंगच्या लेखी पाप नव्हते.

गटेने (पहिला भाग १८०८, दुसरा १८३२) कराराची पैज केली, आणि माझ्या मते साऱ्या कथेचा कायापालट या एका बदलात आहे. करारात मुदत असते आणि ती भरली की वसुली ठरलेली. पैजेत मुदत नाही: एखाद्या क्षणाला ‘थांब, तू किती सुंदर आहेस’ असे फाउस्ट म्हणेल, त्या क्षणी तो हरेल. त्यामुळे पापाची जागा तृप्तीने घेतली. फाउस्टच्या प्रेमात पडून उद्ध्वस्त होणाऱ्या ग्रेटशेनची शोकांतिकाही लोकपुस्तकात नाही. तिच्यामागे फ्रँकफुर्टमध्ये बालहत्येच्या आरोपावरून १७७२ च्या जानेवारीत देहदंड झालेल्या सुझाना मार्गारेटा ब्रांट हिचे प्रकरण आहे. तरुणपणीच्या कच्च्या संहितेत तुरुंगातील ग्रेटशेनविषयी मेफिस्टो या सैतानाचे ‘तिचा निवाडा झाला’ हे शब्द येतात आणि त्यांना उत्तर मिळत नाही; ‘ती तरली’ ही आकाशवाणी १८०८ च्या पाठात आली. नाटकाच्या आरंभीची सूत्रधारी धाटणीची प्रस्तावना ‘शाकुंतला’च्या फोर्स्टरकृत जर्मन भाषांतरावरून (१७९१) सुचली, असे सामान्यतः मानतात. पहिल्या भागाचा मराठी अनुवाद विंदा करंदीकरांनी केला आहे.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस आंधळा झालेला फाउस्ट फावड्यांचे आवाज ऐकून आपल्या बांधाचे काम चालले आहे असे समजतो. प्रत्यक्षात त्याचेच थडगे खणले जात असते. समुद्र हटवून जमीन मिळवण्याच्या त्याच्या हट्टापायी फिलेमोन आणि बाउकिस हे वृद्ध जोडपे प्राणाला मुकलेले आहे, तरीही त्याचा उद्धार होतो. हा उद्धार अनेकांना पचलेला नाही.

गटेनंतर इतरांनी त्यातले हवे तेवढे घेतले. इंग्रज कवी बायरनच्या काव्यनाट्यातला मॅनफ्रेड (१८१७) सैतानाशी व्यवहारच करत नाही. गुनोच्या फ्रेंच संगीतिकेत (१८५९) प्रेमकथेवर इतका भर आहे की जर्मन नाट्यगृहांत ती दीर्घकाळ ‘मार्गारेटे’ (ग्रेटशेनचे पूर्ण नाव) या नावाने होई. बुल्गाकोव्हच्या रशियन कादंबरीत सौदा करते ती मार्गारीटा, तोही प्रियकरासाठी.

जर्मन कादंबरीकार टोमास मानने १९४७ च्या ‘डॉक्टर फाउस्टुस’मध्ये गटेला वळसा घालून थेट १५८७ चे लोकपुस्तक गाठले. त्याच्या संगीतकार नायकाला पुन्हा चोवीसच वर्षे मिळतात. किंमत म्हणून कोणावरही प्रेम करण्याची त्याला मनाई असते. निवेदक ही हकीकत दुसऱ्या महायुद्धात, जर्मनीचा पाडाव होत असताना लिहितो आणि शेवटच्या वाक्यात आपल्या मित्रासाठी व मातृभूमीसाठी एकत्रच देवाची दया भाकतो. वरून मात्र कोणताही आवाज येत नाही.