मिश्रीला धूर नाही, म्हणून धोकाही नाही?

"तोंडाचा कॅन्सर विडी-सिगारेटच्या धुराने किंवा विषाणूने होतो, मिश्री आणि चुना-तंबाखूने होत नाही." साताऱ्याकडे हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. आमच्याकडे आज्जीपासून सुनेपर्यंत मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावली जाते, त्यामुळे तो पटतोही. आजूबाजूला धडधाकट म्हाताऱ्या दिसतात ना!

पण कॅन्सर घडवायला धूर लागतच नाही. तंबाखूचं पान वाळवताना, मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्यं तयार होतात. मिश्रीसाठी ते तव्यावर काळं होईपर्यंत भाजलं की त्यात आणखी भर पडते. चुना गालाची आतली त्वचा सोलवटतो आणि निकोटिन झपाट्याने रक्तात जातं, म्हणून सवय सुटत नाही.

विषाणूची गोष्ट अर्धी खरी आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे कॅन्सर होतो, पण मुख्यतः घशात, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी. आपल्याकडे गाल-हिरडीच्या कॅन्सरमागे प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारी असते. विषाणूची लस घेतली तरी तंबाखूपासून संरक्षण मिळत नाही.

पडताळायचं असेल तर तंबाखूच्या पुडीवरचा इशारा वाचा. आत धूर नसतो, तरी तो छापावा लागतो. मग उजेडात आरसा धरून तोंडात तंबाखूचा बार ठेवायची जागा बघा. पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काही असेल तर दुखत नसलं तरी दंतवैद्याकडे जा. सुरुवातीला हे बहुधा दुखत नाही, आणि तिथेच आपल्या बायका थांबून राहतात.