घरातली झाडं तहानेने कमी, पाण्याने जास्त मरतात

लॉकडाऊनपासून घरात झाडं ठेवायची आवड जी वाढली ती अजून टिकून आहे, पुण्याहून सोलापूर रोडने उरुळी कांचनकडे निघालात तर नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात आणि लोक गाडीच्या डिकीत स्नेक प्लांट, झीझी, मॉन्स्टेरा, अरेका पाम भरून नेत असतात. घेताना प्रश्न ठरलेला, याला पाणी किती दिवसांनी घालायचं? माझ्या मते गडबड इथेच सुरू होते, कारण पाण्याचा हिशोब उजेडावरून ठरतो आणि उजेडाबद्दल फारसं कोणी विचारतच नाही.

उजेडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. उजेड लक्स या एककात मोजतात, भर दुपारी कडक उन्हात तो साधारण १ लाख लक्स असतो, त्याच वेळी हॉलमधे खिडकीपासून आठ-दहा फूट आत, टीव्हीच्या शेजारी मोजलात तर बऱ्याच फ्लॅटमधे १००-२०० लक्सच भरतो, म्हणजे शेकडो पट कमी. डोळ्याची बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, म्हणून आपल्याला खोली मस्त उजेडाची वाटते, पण पानाला जेवढा प्रकाश पडतो तेवढ्यावरच अन्न बनवावं लागतं. मोबाईलवर लक्स मोजायची फुकट ॲप्स मिळतात, फार अचूक नसतात पण घरातल्या दोन कोपऱ्यांमधला फरक कळायला पुरे.

आता बघा काय होतं ते. उजेड कमी म्हणजे प्रकाशसंश्लेषण कमी, पानांवरची रंध्रं कमी उघडतात, पानांतून बाष्प कमी जातं, म्हणून मुळंही पाणी कमी ओढतात आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओलीच राहते, आणि आपण मात्र रोज सकाळी मायेने तांब्याभर पाणी घालत असतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधे जी हवा असते त्यातून त्यांना ऑक्सिजन मिळतो, ती जागा पाण्याने भरली की पंचाईत, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १० हजार पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, मग पिथियमसारखे रोग पाडणारे जीव शिरतात आणि मुळं कुजायला लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, त्यामुळे पानं माना टाकतात, झाड अगदी तहानलेलं दिसतं आणि आपण घाबरून अजून पाणी घालतो! म्हणून आधी मातीत बोट घालून बघा, दोन पेरं आतपर्यंत ओलं लागलं आणि तरी झाड मलूल असेल तर ती तहान नाही.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला की पाणी निचरतं असं सगळे सांगतात, पण बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते मातीतच धरून राहतं, म्हणजे चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवा माती वाहू नये म्हणून, बास.

अजून एक गोष्ट मला तळमळीने सांगावीशी वाटते, हवा शुद्ध करणारी झाडं. १९८९ साली नासाच्या बिल वुल्व्हर्टन यांनी छोट्या हवाबंद पेट्यांमधे प्रयोग केले होते आणि झाडं ठेवलेल्या पेट्यांत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असे घातक वायू कमी झाले हे खरंच आहे. पण आपलं घर हवाबंद पेटी नाही. २०१९ मधे कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की घरात हवा जशी आपोआप बदलत राहते तेवढा परिणाम झाडांकडून पाहिजे असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. खिडकी उघडा, काम होतं. आणि स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं हेही खरं नाही, ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं, ऑक्सिजन मात्र पाण्याचे रेणू तुटल्यावर बनतो आणि त्याला उजेड लागतो, म्हणून तो दिवसाच सुटतो. झाडं ठेवा ती आवडतात म्हणून, ते कारण पुरेसं आहे.

मग कोणी विचारेल मनी प्लांट बाटलीत नुसत्या पाण्यात कसा जगतो? तर पाण्यात फुटलेली मुळं त्या परिस्थितीला जुळवून घेऊनच वाढतात, बाटलीत कुजणारी माती नसते आणि पाणी बदललं की ताजा ऑक्सिजन मिळतो. मातीत वाढलेलं रोप एकदम चिखलात बुडवणं ही वेगळी गोष्ट. हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरिया बेटाचा. त्याच्यात जिबरेलिन हे संप्रेरक नीट बनत नाही म्हणून त्याला आपोआप फुलं येत नाहीत, हे २०१६ मधे संशोधकांनी दाखवलं आणि बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर फुलं आणूनही दाखवली. फुलं नाहीत म्हणून बी नाही, सगळा कारभार फांदीवर. चोरून आणलेला मनी प्लांट जास्त वाढतो म्हणतात, पण चोरलेला असो की मागून आणलेला, तुकड्यावर एक पेर, म्हणजे पान जिथे फुटतं ती गाठ, असलं की तिथून मुळं फुटतात, नुसतं पान आणलंत तर त्याचा वेल होत नाही.