गप्प आहे म्हणजे आजार साधा, असं नाही

'ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसांना दुखणं जाणवत नाही. कुरकुर नसेल तर आजार किरकोळच,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. वेदना त्यांनाही होतात. शरीराच्या आतल्या खुणा ओळखणं आणि शब्दांत सांगणं मात्र अनेकांना अवघड जातं. म्हणून न्यूमोनियासारखा संसर्ग उशिरा कळतो, आणि खरा धोका त्या उशिरातच आहे.

तेव्हा विचारण्यावर थांबू नका, मोजा. थर्मामीटर लावा. माणूस शांत बसलेला असताना छातीची हालचाल पूर्ण 60 सेकंद मोजा. प्रौढांत 12 ते 20 श्वास ठीक. 25 किंवा जास्त असतील तर लगेच दवाखाना गाठा. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर वापरताना बोट गार किंवा नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. आवडतं जेवण अचानक सोडणं, दिवसभर पडून राहणं हेही लक्षणच असू शकतं. 'ऑटिझममुळेच असेल' म्हणू नका. एरवीचं वागणं कसं असतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.