ॐ: यज्ञातल्या होकारापासून मांडूक्यापर्यंत, आणि गोव्यातले दोन मठ

चवथीला आमच्या गोव्यात घरोघरी आरत्या संपल्या की हातात फुलं घेऊन सगळे मंत्रपुष्पांजलीला उभे राहतात आणि पहिला उच्चार होतो तो ॐ चा, ॐ यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः. ही ऋचा ऋग्वेदात पहिल्या आणि दहाव्या अशा दोन मंडलांत आहे, पण ऋग्वेदाची संहिता उघडून बघितलं तर ऋचेचा भाग म्हणून तो ॐ तिथे नाहीये, तो म्हणणाऱ्याने सुरुवात करताना लावलेला आहे. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो. मला मात्र ॐ ची खरी गोष्ट इथूनच सुरू होते असं वाटतं, कारण हे अक्षर आधी यज्ञाच्या कामात होतं आणि त्या कामातूनच त्याचा आध्यात्मिक अर्थ वर आला.

काम म्हणजे नक्की काय ते बघा. यज्ञात अग्नी पेटवताना 'होता', म्हणजे ऋचा म्हणणारा पुरोहित, सामिधेनी नावाच्या ऋचा म्हणतो. मूळ 11, पण पहिली आणि शेवटची तीन तीन वेळा म्हणायची म्हणून 15 होतात. पहिली ऋचा संपते 'देवाञ्जिगाति सुम्नयुः' अशी, पण यज्ञात होता 'सुम्नयुः' म्हणतच नाही, तो शेवटचा स्वर काढून तिथे लांब ओम् लावतो, सुम्नयो३म्, आणि तो ओम् कानावर पडला की अध्वर्यू, म्हणजे यज्ञातली प्रत्यक्ष कामं करणारा पुरोहित, एक समिधा अग्नीत टाकतो. प्रत्येक ओम् ला एक समिधा. मधला तो 3 चा आकडा म्हणजे प्लुत, तीन मात्रांचा लांब उच्चार. पाणिनीने यासाठी चक्क सूत्र दिलंय, 'प्रणवष्टेः', म्हणजे यज्ञकर्मात ऋचेच्या शेवटच्या स्वरापासूनचा भाग जाऊन तिथे प्रणव म्हणजे ॐ येतो. प्रणव हे नाव आज आपण ध्यानधारणेच्या संदर्भात ऐकतो पण इतक्या जुन्या काळात त्याला असा रोकडा, अग्नीसमोरचा वापर होता.

दुसरं काम होकाराचं. ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या यज्ञविषयक ग्रंथात, राजाच्या अभिषेकाच्या राजसूय यज्ञात बळी द्यायला आणलेल्या शुनःशेप या मुलाची गोष्ट सांगतात तो प्रसंग आहे, होता सोन्याच्या आसनावर बसून गोष्ट सांगतो आणि अध्वर्यू सोन्याच्या आसनावर बसून दाद देतो. ऋचा आली की त्याने ॐ म्हणायचं, साधी गाथा आली की 'तथा' म्हणायचं, आणि कारण दिलंय की ॐ हा देवांचा होकार आणि तथा हा माणसांचा. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. हा होकार आजही मेलेला नाही, मुंजीत नाहीतर लग्नात पुण्याहवाचन नीट कान देऊन ऐका, यजमान 'पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु' म्हणतो आणि भटजी 'ॐ पुण्याहम्' म्हणून उत्तर देतात, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढणारे आपण सगळे दोन अडीच हजार वर्षांहून जुनी पद्धत समोर बघत असतो.

ऐतरेय ब्राह्मणातच आणखी एक गोष्ट आहे, प्रजापतीने तप केलं, तीन वेदांतून भूः भुवः स्वः निघाले आणि त्या तिघांतून अ, उ, म हे तीन वर्ण, ते एकत्र केले तो ॐ. अ उ म ही फोड इथे दिसते, पुढे तिच्यावर केवढी मोठी इमारत उभी राहिली.

उपनिषदांत आल्यावर तेच होकाराचं अक्षर चिंतनाचा विषय होतं. छांदोग्याची सुरुवातच 'ओमित्येतदक्षरमुद्गीथमुपासीत' अशी आहे. उद्गीथ म्हणजे सामगानातला मुख्य भाग, तो ॐ ने सुरू होतो. लगेच पुढे म्हटलंय की हे अनुज्ञेचं अक्षर आहे, माणूस कशालाही संमती देतो तेव्हा ॐ म्हणतो, आणि संमती हीच समृद्धी. म्हणजे यज्ञातला जुना वापर टाकून दिलेला नाही, त्याच्यावरच अर्थ चढवलाय. मग ती गोष्ट येते, देव मृत्यूला भिऊन वेदांत शिरले, छंदांनी अंग झाकून घेतलं, तरी पाण्यात मासा दिसावा तसे ते मृत्यूला दिसले, शेवटी ते स्वरात म्हणजे ॐ मध्ये शिरले आणि निर्भय झाले. याच छांदोग्यात यज्ञातले पुरोहित एकमेकांना धरून चालतात तसे कुत्रे चालतात आणि 'ॐ आम्ही खाऊ, ॐ आम्ही पिऊ' असं साम गातात. काही जण ही याज्ञिकांची टिंगल मानतात, मला ते पटत नाही, भूक लागलेल्या जिवाच्या तोंडीसुद्धा हे अक्षर दिलंय एवढं मला त्यात दिसतं.

कठात यम नचिकेताला सांगतो की सगळे वेद ज्या पदाचं वर्णन करतात ते थोडक्यात ॐ. मुंडकात प्रणव धनुष्य, आत्मा बाण, ब्रह्म लक्ष्य. गीतेत आठव्या, दहाव्या, सतराव्या अध्यायांत ॐ येतो आणि योगसूत्रांत 'तस्य वाचकः प्रणवः', ईश्वराचा वाचक. हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून जास्त लिहीत नाही.

मांडूक्यावर मात्र थांबायला हवं. अथर्ववेदाचं हे उपनिषद फक्त 12 मंत्रांचं, आणि सगळं ॐ वरच. अ म्हणजे जागेपण (वैश्वानर), उ म्हणजे स्वप्न (तैजस), म म्हणजे गाढ झोप (प्राज्ञ), आणि चौथा पाद ज्याला मात्राच नाही, तो तुरीय. ॐ म्हणून झाल्यावर जी शांतता उरते ती या चौथ्याची खूण असं बरेच गुरू शिकवतात. व्हॉट्सअॅपवर सूर्यातून ॐ असा आवाज येतो वगैरे फॉरवर्ड फिरतात, कृपा करून ते पुढे पाठवू नका, ज्या अक्षरामागे मांडूक्य उभं आहे त्याला असल्या आधाराची गरज नाही.

आणि इथे विषय थेट आमच्या दारात येतो. या 12 मंत्रांवर गौडपादाचार्यांनी 215 कारिका म्हणजे अर्थ उलगडणारे श्लोक लिहिले, चार प्रकरणांत. परंपरा त्यांना शंकराचार्यांचे परमगुरू, म्हणजे गुरूंचे गुरू, मानते. फोंड्याजवळ कवळ्याला जो मठ आहे तो त्यांच्याच नावाचा, श्री गौडपादाचार्य मठ, स्मार्त सारस्वतांची गुरुपरंपरा. हा मठ आधी सासष्टीत केळशीला होता, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली तेव्हा तोही गेला. त्याच केळशीची शांतादुर्गा आणि कुठ्ठाळीचा मंगेश खाडी ओलांडून अंत्रुजात म्हणजे फोंड्याच्या भागात आले, कारण अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होतं. पुढे मठही कवळ्यालाच उभा राहिला.

दुसरा मठ काणकोणातला, पर्तगाळचा, वैष्णव सारस्वतांचा, त्याची परंपरा 1475 पासून मोजतात आणि ती मध्वाचार्यांच्या द्वैत मताची. मध्वांनीही मांडूक्यावर भाष्य केलंय. त्यांच्या मते ॐ म्हणजे सगळ्या गुणांनी ओतप्रोत भरलेला विष्णू, आणि विश्व, तैजस, प्राज्ञ, तुरीय ही त्या विष्णूचीच चार रूपं, जीव आणि विष्णू एक नव्हेत. गौडपाद म्हणतात चौथ्या पादात द्वैत उरतच नाही. एवढा उभा भेद! तरी गंमत ही की कारिकांच्या पहिल्या प्रकरणातले 29 श्लोक मध्व गौडपादांचे मानत नाहीत, ते श्रुती म्हणजे वेदवचनच मानतात, वरुणाने मंडूक म्हणजे बेडकाचं रूप घेऊन सांगितलेल्या उपनिषदाचा भाग म्हणून. त्या 29 मध्येच 'प्रणवो ब्रह्म निर्भयम्' आहे, प्रणव हे निर्भय ब्रह्म, तिथे मन जोडावं. म्हणजे कवळ्याच्या माणसाला हा आचार्यांचा शब्द आणि पर्तगाळच्या माणसाला वेदाचा शब्द, पण प्रमाण दोघांनाही. एकाच लग्नघरात दोन्ही मठांचे अनुयायी भेटतात आमच्याकडे, त्यांनी हा वाद समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, नुसती कुठल्या मठाचे एवढी ओळख पुरेशी नाही.

मध्वाचार्यांच्याच शतकात, 1290 ला, नेवाशात ज्ञानेश्वरीची सुरुवात 'ॐ नमो जी आद्या' अशी झाली. वेदाच्या अधिकारामुळे तोपर्यंत फार थोड्यांपर्यंत पोचलेलं हे अक्षर तिथे मराठी ओवीत आलं, आणि माउलींनी अ उ म ची फोड गणपतीच्या अंगावर मांडली, 'अकार चरणयुगुल । उकार उदर विशाल । मकार महामंडल । मस्तकाकारें', पाय अकार, पोट उकार, मस्तक मकार. संस्कृत न येणाऱ्या बाईमाणसालाही मूर्तीकडे बघून ॐ वाचता यावा अशी ही सोय आहे. माटोळीखाली (वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसवलेल्या गणपतीसमोर ही ओवी पोरांना एकदा पायापासून मस्तकापर्यंत बोट दाखवत म्हणून दाखवा, अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.