दृष्टिपटल सर्वेक्षण, लोकसंख्याधारित

एखाद्या प्रदेशातील रहिवाशांमधून नमुना निवडून त्यांच्या दृष्टिपटलाची (डोळ्याच्या पडद्याची) छायाचित्रे, रक्तशर्करा व रक्तदाब यांची एकत्रित नोंद घेणारी आणि त्यांवरून मधुमेह, नेत्रविकार व रक्तवाहिन्यांचे आरोग्य यांचा संबंध तपासणारी संशोधनपद्धती. रुग्णालयातील नोंदींवरून विकाराचे प्रमाण काढता येत नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरजेला उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत; तेव्हा तेथील नोंदवहीत मधुमेही किती, हे मोजले तरी ते किती लोकांमागे, हे कळत नाही. शिवाय मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलविकार सुरुवातीला दुखत नाही आणि नजरही अधू करत नाही, त्यामुळे ‘दिसतंय की चांगलं’ म्हणणारा माणूस दवाखान्याची पायरी चढतच नाही. त्याला गाठायचे तर त्याच्या दारीच जावे लागते.

शरीरावर छेद न घेता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतात त्या दृष्टिपटलावरच. छायाचित्रात फिकट, बारीक दिसतात त्या रोहिण्या आणि गडद, काहीशा रुंद त्या नीला. मधुमेहाचे पहिले चिन्ह म्हणजे बहुधा सुईने टोचल्यासारखा एखादा लाल ठिपका, अर्थात केशवाहिनीच्या भित्तीला आलेला सूक्ष्म फुगवटा. पुढे रक्तस्राव, पिवळसर साके आणि अखेरीस नाजूक नव्या वाहिन्या दिसू लागतात. उच्च रक्तदाबात रोहिण्या अरुंद होतात. त्यांची रुंदी संगणकावर मोजता येऊ लागल्यावर डोळ्याच्या छायाचित्रावरून मेंदू व हृदय यांच्या धोक्याचाही अंदाज बांधण्याचे प्रयत्न सुरू झाले. मात्र असे संबंध समूहाच्या सरासरीवर आढळतात. एका व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगणे धाडसाचे ठरते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात रोनाल्ड व बार्बरा क्लाइन यांनी १९८० मध्ये आरंभलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. वीस वा अधिक वर्षे मधुमेह असलेल्यांपैकी पहिल्या प्रकारच्या जवळपास सर्वांमध्ये, तर दुसऱ्या प्रकारच्या सुमारे ६० टक्के रुग्णांमध्ये दृष्टिपटलविकार असतो, असे त्यातून दिसले. चेन्नईच्या शहरी मधुमेहींत हे प्रमाण १७.६ टक्के असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेह नुकताच जडलेलेही असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. महाराष्ट्रात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची नेत्रतपासणी झाली आहे.

सांगली जिल्ह्यात (२०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २८ लाख २२ हजार) असा नमुना काढताना भूगोल आडवा येतो. वाळवा-पलूसचा बागायती उसाचा पट्टा आणि जत-आटपाडीचा दुष्काळी भाग यांतील आहार व श्रम सारखे नसल्याने दोन्हींतून स्वतंत्र नमुना घ्यावा लागतो. घर निवडले तरी माणूस सापडेलच असे नाही: खानापूर-आटपाडीकडील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष सोने-चांदीच्या गलाईसाठी परराज्यांत असतात, तर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या फडावर असतात. गैरहजर घरी पुन्हा न गेल्यास नमुन्यात म्हातारी माणसे व बायका यांचा भरणा होतो. अशा कामात आशाताईंची ओळख यंत्राइतकीच मोलाची ठरते. बाहुली रुंदावण्यासाठी थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते आणि ऊन सोसवत नाही. मोटारसायकलवर आलेल्याला हे आधी न सांगितल्यास त्याच्या शेजारची चार घरे तपासणीला नकार देतात.

मोतीबिंदू पिकलेला असल्यास छायाचित्र अस्पष्ट येते व ते गणनेतून वगळले जाते. मोतीबिंदू मधुमेहींत लवकर होत असल्यामुळे नेमके जास्त धोक्यातले डोळे हिशेबाबाहेर राहतात आणि विकाराचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. म्हणून न वाचता आलेल्या छायाचित्रांची संख्या निष्कर्षासोबत वेगळी देण्याची पद्धत आहे.